इंग्रजीतील ‘अनेकजातीय’ शब्द : एका पाठ्यपुस्तकी कल्पनेची तपासणी

इंग्रजी व्याकरण शिकलेल्या आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांस एक सिद्धान्त तोंडपाठ असतो. शब्दाची जात शब्दात नसते, ती त्याच्या वाक्यातील कार्यावरून ठरते; म्हणून एकच शब्द एका वाक्यात नाम, दुसऱ्यात क्रियापद आणि तिसऱ्यात विशेषण होऊ शकतो. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात निघालेल्या रेन व मार्टिन यांच्या शालेय व्याकरणाने हा सिद्धान्त आपल्या देशात जेवढा रुजविला तेवढा दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाने रुजविला नसेल. या जोडीतील पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि ‘बो जेस्ट’ (१९२४) ही त्यांची कादंबरी एके काळी जगभर गाजली होती. कादंबरीचे वाचक आता विरळच. व्याकरणाचे वाचक मात्र अद्याप उणावलेले नाहीत.

या व्याकरणात ‘एकच शब्द निरनिराळ्या जातींत’ अशा अर्थाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात शब्द वर्णानुक्रमाने मांडून प्रत्येकापुढे त्याच्या जाती आणि त्या दाखविणारी वाक्ये दिली आहेत. परीक्षेच्या दृष्टीने हे प्रकरण सोयीचे आहे, म्हणून ते शाळेपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत विद्यार्थ्याच्या सोबत येते. वर सांगितलेला सिद्धान्त सर्वस्वी खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु जेथे जात बदलत नाही तेथे तो बदल पाहतो, आणि जेथे ती खरोखर बदलते तेथे त्याचे लक्ष क्वचितच जाते, एवढे या लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम त्या यादीत कोणते शब्द आहेत ते पाहावे. ‘अबाउट’, ‘आफ्टर’, ‘बट’, ‘डाउन’, ‘राउंड’, ‘सिन्स’, ‘टिल’, ‘यट’ असे बहुतेक सर्व लहानसहान अव्ययवजा शब्द तीत आढळतात. ‘वॉटर’, ‘बटर’, ‘हॅमर’, ‘बॉटल’, ‘कुक’, ‘एम्प्टी’ अशा ज्या शेकडो शब्दांत नाम आणि क्रियापद, किंवा विशेषण आणि क्रियापद, यांची देवघेव दिवसाढवळ्या चालते त्यांना तेथे स्थान नाही. निवडीतील ही विषमता आकस्मिक नव्हे. लहान शब्दांचे अनेक उपयोग विद्यार्थ्यास गोंधळात टाकतात, म्हणून ते गोळा केले गेले. शब्दसिद्धीचा प्रश्न संकलकांच्या मनात नव्हताच. पण त्यामुळे दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच मथळ्याखाली आल्या.

‘आफ्टर’ हा या सिद्धान्ताचा जणू मानदंडच आहे. त्याच्यापुढे काही आले नाही तर तो क्रियाविशेषण, नाम आले तर शब्दयोगी, संपूर्ण वाक्य आले तर उभयान्वयी, असे आपण शिकतो आणि शिकवितो. आता ‘नो’, म्हणजे ‘जाणणे’, हे क्रियापद घ्या. ‘मला ठाऊक आहे’ अशा अर्थाने ते एकटे येते. ‘मी त्याला ओळखतो’ या अर्थाने त्यापुढे नाम येते. ‘तो गेला हे मला ठाऊक आहे’ या अर्थाने त्यापुढे आख्खे वाक्य येते. म्हणून ‘नो’ हे तीन जातींचे शब्द आहेत असे कोणी म्हणत नाही. ते एकच क्रियापद. त्याचे पूरक तेवढे बदलते. मग हाच न्याय ‘आफ्टर’ला का लावू नये? हा प्रश्न डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी ‘फिलॉसफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात १९२४ साली, म्हणजे रेन-मार्टिन यांच्या आधी सुमारे दहा वर्षे, उपस्थित केला होता. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी यांच्यामध्ये घातलेल्या भिंती पाडून त्या सर्वांस ‘अव्यय’ या एका वर्गात घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. केवलप्रयोगी शब्दांबाबत ते पटण्याजोगे नाही. बाकीच्यांबाबत मात्र त्यांच्या युक्तिवादास उत्तर मिळालेले आम्हांस दिसत नाही. हडल्स्टन आणि पुलम यांच्या संपादनाखाली २००२ साली निघालेल्या केंब्रिज व्याकरणानेही ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘सिन्स’ यांचे तिन्ही उपयोग एकाच वर्गात घेतले आहेत. तात्पर्य, त्या यादीतील बराच भाग अनेकजातीय नसून एकाच जातीच्या शब्दांच्या पूरकांची नोंद आहे.

याच यादीत ‘नीड्ज’ हा शब्द क्रियाविशेषण म्हणूनही येतो आणि क्रियापद म्हणूनही. ‘अवश्यमेव’ या अर्थाच्या क्रियाविशेषणातील अंत्य सकार हा प्राचीन इंग्रजीतील षष्ठीच्या प्रत्ययाचा अवशेष आहे. क्रियापदातील सकार तृतीय पुरुषी एकवचनाचा आहे. दोन निराळे प्रत्यय योगायोगाने सारखे ऐकू येतात, एवढाच येथे ‘एकच शब्द’ या म्हणण्याचा आधार. या मापाने विहीर या अर्थाचा ‘वेल’ आणि ‘चांगले’ या अर्थाचा ‘वेल’ हेही एकच शब्द ठरावेत. ‘एकच शब्द’ म्हणजे काय, हा प्रश्न न विचारता त्याच्या जाती मोजू लागले की असे घडते.

ही चर्चा आपल्या घरची नव्हे असे समजण्याचे कारण नाही. दादोबा पांडुरंग यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि त्या काळापासून मराठी शब्दांची वर्गवारी इंग्रजी व्याकरणांच्या घाटावर होत आली. यास्कांस नाम, आख्यात, उपसर्ग, निपात या चार वर्गांत भागले; आपल्या क्रमिक पुस्तकांस आठ लागतात, कारण इंग्रजीस आठ लागत होते, आणि इंग्रजीस ते लॅटिन व्याकरणाच्या परंपरेतून आले होते. ‘तो पुढे गेला’ यातील ‘पुढे’ क्रियाविशेषण आणि ‘घरापुढे झाड आहे’ यातील ‘पुढे’ शब्दयोगी. ‘नंतर ये’ यातील ‘नंतर’ एका जातीचा आणि ‘जेवणानंतर ये’ यातील दुसऱ्या, हे आपण ज्या निःशंकपणे सांगतो ती निःशंकता उसनी आहे. मागील शब्दाचे सामान्यरूप होणे आणि अव्यय त्यास जोडून येणे ही मराठीतील खरी व्याकरणिक घटना आहे, हे मान्य. पण ती मागील शब्दाची कथा झाली. ‘पुढे’ या शब्दात तिने कोणता पालट होतो?

आता दुसरा प्रकार. ‘स्टोन वॉल’ म्हणजे दगडी भिंत. येथे ‘स्टोन’ हे विशेषण आहे असे उत्तर विद्यार्थी देतो आणि त्यास गुण मिळतात. नामाच्या मागे येऊन त्याचा विशेष सांगणे हे विशेषणाचे कार्य खरेच. परंतु विशेषणाची इतर लक्षणे ‘स्टोन’ला लावून पाहावीत. ‘व्हेरी स्टोन’ असे म्हणता येत नाही. त्याची तर-तम रूपे होत नाहीत. ‘ही भिंत स्टोन दिसते’ असा प्रयोग इंग्रज करीत नाही. याउलट, मागे आणखी एखादे विशेषण लावून त्या दगडाचेच वर्णन करता येते. म्हणजे ‘स्टोन’ने नामपण सोडलेले नाही, नाम राहूनच ते दुसऱ्या नामाचे विशेषक झाले आहे. आपल्याकडे ‘राजवाडा’ या समासातील ‘राज’ला कोणी विशेषण म्हणत नाही, तसेच हे. कार्य एक आणि जात दुसरी, हा भेद न केल्यामुळे इंग्रजीतील जवळजवळ प्रत्येक नाम विशेषणही ठरते, आणि मग विशेषण या संज्ञेस अर्थच उरत नाही. चार्ल्स फ्राइझ यांनी सुमारे पन्नास तासांच्या ध्वनिमुद्रित दूरध्वनी-संभाषणांच्या आधारे ‘स्ट्रक्चर ऑफ इंग्लिश’ (१९५२) लिहिताना जुनी नावे टाकून शब्दांस आकड्यांनी ओळखले जाणारे चार वर्ग दिले. जुन्या व्याख्यांचा पोकळपणा त्यांनी उघड केला, हे त्यांचे श्रेय मोठे आहे. तथापि नाव बदलल्याने प्रश्न सुटत नाही. स्थान एक साक्ष देते आणि रूप दुसरी, तेव्हा कोणाचे मानावे हे ठरवावेच लागते.

‘द पुअर’, म्हणजे गरीब लोक, येथेही साक्षी अशाच फुटतात. स्थान नामाचे; पण अनेकवचनाचा सकार लागत नाही आणि मागे ‘व्हेरी’ खुशाल येते. येथे मराठी आणि इंग्रजी यांचे मार्ग स्पष्ट वेगळे होतात. मराठीत ‘गरिबांना’, ‘शहाण्याला’, ‘आंधळ्याचा’ असे सर्व विभक्तिविकार विशेषणास नामाप्रमाणे होतात. ते खरोखर नाम झालेले असते. इंग्रजी ‘पुअर’ उंबरठ्यावरच उभा राहतो. ‘नेटिव्ह’ मात्र आत गेला आहे. त्याचे अनेकवचन होते, त्यास एकवचनी उपपद लागते. हेन्री स्वीट यांनी १८९२ च्या आपल्या व्याकरणात हीच कसोटी दिली होती: नव्या जातीचे विकार शब्दाने स्वीकारले तरच जात्यंतर झाले असे म्हणावे. ही कसोटी साधी आहे, जुनी आहे, आणि शालेय व्याकरणांनी ती कधी उचलली नाही याचे आश्चर्य वाटते.

यावर कोणी म्हणेल, जात्यंतर होते कशामुळे, ते तर सर्वविदित आहे: इंग्रजीचे प्रत्यय झिजले. प्राचीन इंग्रजीत ‘प्रेम’ या अर्थाचे नाम ‘लुव्हु’ होते आणि क्रियापद ‘लुव्हिअन’. उत्तर या अर्थाचे नाम ‘आंड्स्वरु’ आणि क्रियापद ‘आंड्स्वरिअन’. मध्ययुगात अंत्य स्वर क्षीण होत होत लोपले, क्रियापदाचा नकारही गेला, आणि दोन्ही रूपे ‘लव्ह’ व ‘आन्सर’ या एकेका उच्चारात मिळून गेली. हे सर्व खरे आहे. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष अर्धाच खरा. झीज ही दोन रूपे एक का दिसतात हे सांगते. नामापासून क्रियापद का करता येते हे ती सांगत नाही. ते करणे झिजेच्या आधीही चालू होतेच; ‘आंड्स्वरिअन’ हे नामापासूनच केलेले क्रियापद आहे.

मराठीकडे पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्वच्छ होतो. मराठीचे प्रत्यय झिजलेले नाहीत. तरीही ‘रंग’ पासून ‘रंगणे’, ‘फळ’ पासून ‘फळणे’, ‘डाग’ पासून ‘डागणे’ ही क्रियापदे आहेत. त्यांत नामाचा धातू करणारा वेगळा प्रत्यय कोठे आहे? ‘णे’ हा तो प्रत्यय नव्हे. तो ‘बसणे’, ‘उठणे’ यांतही आहे, केवळ कोशात क्रियापद मांडण्याची आपली रीत आहे. ‘रंगला’, ‘रंगतो’ यांत तो नाही, आणि आज्ञार्थी एकवचनात तर धातू उघडाच राहतो. याउलट ‘हाताळणे’, ‘पाणावणे’ यांत साधक प्रत्यय दिसतो. म्हणजे मराठीतही उघड प्रत्ययाचे आणि प्रत्ययावाचूनचे असे दोन्ही प्रकार आहेत. इंग्रज कोशकार क्रियापद उघडे मांडतो आणि आपण ते ‘णे’ लावून मांडतो, म्हणून इंग्रजीतील हा व्यवहार आपणांस विलक्षण वाटतो. आमच्याकडे तो थोड्या शब्दांत आहे आणि इंग्रजीत मुक्त आहे, हा भेद निश्चित मोठा आहे. परंतु तो प्रमाणाचा भेद आहे.

प्रत्ययावाचून साधलेल्या शब्दांस काय म्हणावे यावर पाश्चात्त्य पंडितांत वाद आहे. हान्स मार्शां यांनी १९६० च्या आपल्या शब्दसिद्धीवरील ग्रंथात ‘शून्यसाधन’ ही कल्पना हिरीरीने मांडली. ‘लीगल’ पासून ‘लीगलाइझ’ होताना जो अर्थ प्रत्यय आणतो तोच ‘क्लीन’ या विशेषणाचे क्रियापद होताना येतो. तेव्हा तेथेही प्रत्यय आहे, पण तो शून्य आहे. संस्कृताच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. पाणिनीय परंपरेत क्विप् हा प्रत्यय लागतो आणि त्याचा सर्वापहारी लोप होतो. कोणत्याही प्रातिपदिकास आचारार्थी विकल्पाने क्विप् लावावा असे वार्तिक आहे आणि त्याने ‘घोड्याप्रमाणे वागतो’ या अर्थी ‘अश्वति’ हे रूप सिद्ध होते. त्याच अर्थाचे ‘अश्वायते’ उघड प्रत्ययाने होते. मार्शां यांच्या युक्तिवादाचे सारे अंग येथे आहे: समानार्थी उघड प्रत्यय शेजारी असल्यामुळेच शून्य मानणे युक्त ठरते. आमच्या मते शून्यसाधनाचा पक्ष याच अटीवर ग्राह्य आहे. उघड जोडीदार नसताना शून्ये मानीत गेल्यास, जे दिसत नाही ते हवे तेथे आहे म्हणण्याची मोकळीक मिळेल.

शब्दांस स्वतःची जात असते याचा सर्वांत बळकट पुरावा अर्थापेक्षा उच्चारात आहे. ‘हाउस’ हे नाम सकारान्त, क्रियापद मात्र ‘हाउझ’. ‘यूस’ नाम, ‘यूझ’ क्रियापद. ‘रेकॉर्ड’, ‘रेबेल’ यांत नामाचा आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापदाचा दुसऱ्यावर पडतो. शर्मन यांनी १९७५ साली जुने-नवे कोश ताडून दाखविले की अशा जोड्या १५७० च्या सुमारास केवळ तीन होत्या; १९३४ पर्यंत त्या सुमारे दीडशे झाल्या. शब्दास जात नाही, सारे स्थानावर अवलंबून आहे, असे असते तर ज्या काळात नाम-क्रियापदांचे बाह्य रूप एक होत होते त्याच काळात भाषेने त्यांस आघाताने वेगळे करण्याचा हा खटाटोप का केला असता?

आणखी एक पुरावा बेसबॉलच्या मैदानावरचा आहे. उडणे या अर्थाच्या ‘फ्लाय’चे भूतकाळी रूप ‘फ्ल्यू’. त्यापासून उंच उडालेला चेंडू या अर्थी ‘फ्लाय’ हे नाम झाले. त्या नामापासून, तसा चेंडू मारून झेलबाद होणे, या अर्थी पुन्हा क्रियापद झाले. या क्रियापदाचे भूतकाळी रूप मात्र ‘फ्लाइड’ होते. क्रियापद नामाच्या वाटेने परत आले तेव्हा आपला जुना अनियमित भूतकाळ मागे टाकून आले. बोलणाऱ्याने व्याकरण वाचलेले नसते. तरीही शब्द कोणत्या वाटेने आला हे त्याच्या जिभेस ठाऊक असते.

वाट नेहमी एकच असते असेही नाही. ‘हॅमर’ या क्रियापदास हातोडाच लागतो असे नाही. जोड्याने टेबलावर प्रहार केले तरी ‘हॅमर’ चालते. ‘टेप’ या क्रियापदास मात्र टेप लागतेच. टाचण्यांनी चित्र भिंतीस लावले तर ते ‘टेप’ केले असे म्हणता येत नाही. पॉल किपार्स्की यांनी १९८२ साली या भेदावर बोट ठेवले. एक क्रियापद नामाच्या पोटातून आलेले, दुसरे नामाच्या शेजारी त्याच मुळापासून फुटलेले. कोशात दोन्ही सारखीच दिसतात.

अर्थाचे म्हणाल तर तो नामावरून अंशतःच कळतो. ‘डस्ट’ म्हणजे धूळ. कपाटाच्या बाबतीत या क्रियापदाचा अर्थ धूळ काढणे आणि केकच्या बाबतीत पिठीसाखर भुरभुरणे. ‘बॉटल’ म्हणजे बाटलीत भरणे, ‘स्किन’ म्हणजे कातडी सोलणे. ईव्ह आणि हर्बर्ट क्लार्क यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अशा क्रियापदांचा अर्थ वक्ता आणि श्रोता यांच्या सामाईक जाणतेपणावर कसा उभा असतो हे दाखविले. त्यांनी नोंदविलेल्या मर्यादाही उद्बोधक आहेत. ‘समर’, ‘विंटर’, ‘ऑटम’ ही ऋतूंची नावे ‘तो ऋतू अमुक ठिकाणी घालविणे’ या अर्थी क्रियापदे होऊ शकतात. शरद ऋतूसाठीच अमेरिकेत रूढ असलेला ‘फॉल’ मात्र होत नाही, कारण पडणे या अर्थाचे क्रियापद त्या जागी आधीच बसलेले आहे. इंग्रजीत कोणतेही नाम क्रियापद होऊ शकते हे विधान म्हणूनच सैलपणाचे आहे.

हेच सैल विधान शेक्सपिअरच्या संदर्भात वारंवार ऐकू येते. ई. ए. ॲबट यांच्या १८६९ च्या व्याकरणापासून असे म्हणण्याची प्रथा पडली की एलिझाबेथकालीन इंग्रजीत जवळजवळ कोणताही शब्द कोणत्याही जातीचा म्हणून वापरता येई. हे वर्णन म्हणून उपयोगी असले तरी रसग्रहणास घातक आहे. ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’च्या शेवटी बंदिवान राणीस भय वाटते की रोममधील नट तिची सोंगे आणतील आणि कोणी पोर तिच्या थोरवीचा पोरखेळ करील. येथे नाटककाराने ‘बॉय’ या नामाचे क्रियापद केले आहे. त्या काळी स्त्रीभूमिका मुलगेच करीत. म्हणजे हे वाक्य बोलणाराही एक मुलगाच होता. क्रियापदाच्या जागेवर बसलेले ते नाम आपले नामपण विसरत नाही, म्हणून तो घाव बसतो. शब्दास जातच नसती तर जात ओलांडण्यात नाट्य कोठून आले असते? ‘रिचर्ड द सेकंड’मध्ये बंडखोर पुतण्यास यॉर्क झिडकारतो तेव्हा ‘अंकल’ हा शब्द असाच क्रियापद होतो. मराठीत तेथे धातू होत नाही. ‘काका-काका करू नकोस’ असे शब्दाची द्विरुक्ती करून आपण म्हणतो, आणि तो तिरस्कार नेमका साधतो. अनुवादकाने असे स्थळ ‘मला काका म्हणू नकोस’ असे सपाट केले तर दोष मराठीचा नव्हे.

यादीतील ‘राउंड’ हा शब्द आता पुन्हा तपासून पाहावा. कोशांत त्यास नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अशा पाच जाती मिळतात, आणि विद्यार्थी पाच वाक्ये पाठ करतो. त्यांपैकी कोपऱ्याभोवती जाणे आणि नुसते भोवती जाणे यांतील ‘राउंड’ पूरकाने भिन्न, जातीने एक. उरलेल्या तिघांपैकी नामास अनेकवचन आहे, क्रियापदास भूतकाळ आहे, विशेषणास तर-तम रूपे आहेत. स्वीट यांची कसोटी तिघेही उतरतात. अशा रीतीने पाचाचे चार झाले. त्या चारांत कोणापासून कोण निघाला हे मात्र एका वाक्याकडे पाहून ठरणार नाही; त्यासाठी शब्दाचा इतिहास उघडावा लागतो, आणि शब्दजाती ओळखा या प्रश्नाखाली आपण विद्यार्थ्यास तो कधी उघडू देत नाही.